पीककर्जाची साखळी तुटते तेव्हा

घोटीला मुंबई-आग्रा महामार्ग आहे, रेल्वे आहे आणि भाताच्या गिरण्या आहेत. इगतपुरी तालुक्याचा बराचसा भात या बाजारात येतो. पण भाताचा पैसा दिवाळीनंतर हाती पडतो आणि खर्च सुरू होतो तो मे-जूनमध्ये: बियाणे, खत, आवणीची मजुरी. मधली ही पोकळी पीककर्ज भरून काढते. पैसा नाबार्डकडून राज्य सहकारी बँकेकडे, तिथून जिल्हा बँकेकडे आणि शेवटी गावच्या विकास सोसायटीतून शेतकऱ्याकडे येतो. 31 मार्चपर्यंत जुने कर्ज फेडायचे आणि हंगामाला पुन्हा उचलायचे, या नव्या-जुन्यावर पिढ्यान्‌पिढ्यांची शेती चालली.

नाशिक जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या संकटात हीच साखळी तुटली. 8 नोव्हेंबर 2016 रोजी नोटाबंदी जाहीर झाली आणि 14 नोव्हेंबरला जिल्हा बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास मनाई झाली. तोवर जमा झालेला पैसा तिजोऱ्यांत अडकला. महाराष्ट्रातील जिल्हा बँकांची ही रक्कम सुमारे 2,771 कोटी रुपये होती. या अडकलेल्या नोटा स्वीकारण्याचा आदेश जून 2017 मध्ये निघाला, म्हणजे खरीप दारात आल्यावर. नोटाबंदीच्या दिवशी बँकांकडे आधीच असलेल्या नोटांचा प्रश्न तरीही सुटला नाही. नाशिकसह आठ जिल्हा बँकांचे सुमारे 112 कोटी त्यात अडकून राहिले. या काळात नाशिकमध्ये शिक्षकांचे पगारही जिल्हा बँकेत अडकले.

त्याच जूनमध्ये, शेतकरी संपानंतर, दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर झाली. पिचलेल्या शेतकऱ्याला तिची गरज होती. मात्र घोषणा एका दिवसात होते आणि याद्या, पडताळणी, निधी यांना महिने लागतात. तोवर वसुली थांबते. डिसेंबर 2019 मध्ये दोन लाखांपर्यंतची दुसरी योजना आली.

इथेच या संकटाचे मर्म आहे. शेतकरी मार्चमध्ये कर्ज भरतो, कारण जूनमध्ये नवे मिळेल याची त्याला खात्री असते. बँकेकडे वाटायला पैसा उरला नाही की भरण्याचे कारणच संपते. वसुली घटली म्हणून वाटप घटते आणि वाटप घटले म्हणून वसुली आणखी घटते. मुदतीत परतफेड करणाऱ्यालाच व्याजसवलत मिळते. थकलेला तीही गमावतो आणि सावकाराच्या दारी जातो.

एकाच वर्तुळावर विसंबलेल्या बँकेचे एक दूरचे उदाहरण पाहा. मार्च 2023 मध्ये अमेरिकेच्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून ठेवीदारांनी एका दिवसात 42 अब्ज डॉलर काढले आणि दुसऱ्या दिवशी ती बंद झाली. तिचे बहुतेक ग्राहक एकाच उद्योगाच्या वर्तुळातले होते. जिल्हा बँक इतक्या झटक्यात पडत नाही, पण धोका त्याच जातीचा आहे. तिचे ठेवीदार आणि कर्जदार एकाच जिल्ह्यातले असतात. अवकाळी पाऊस किंवा कांद्याचा कोसळलेला भाव दोघांनाही एकदमच गाठतो. त्यात नाशिक आणि निफाड सहकारी साखर कारखान्यांसारखी मोठी कर्जे थकली, म्हणजे लहान कर्जदारांच्या वाट्याचा पैसाही गोठतो. पुढे थकबाकीदारांच्या जमिनींच्या लिलावाच्या नोटिसा निघाल्या आणि जिल्ह्यात आंदोलने पेटली.

2020 पासून बँकेतील ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा आहे. तो ठेवीदाराला वाचवतो, सोसायटीच्या सभासदाचा हंगाम नाही. म्हणून कर्जमाफीची घोषणा होताच बँकेला तेवढी रोकड मिळायला हवी. मोठ्या थकबाकीदारांची वसुली लहानांच्या आधी व्हायला हवी. आणि बँकेवर निर्बंध असले तरी नियमित भरणाऱ्या सभासदाचे पीककर्ज थांबता कामा नये. गरज पडल्यास राज्य बँकेने ते थेट सोसायटीमार्फत द्यावे. जिल्हा बँक सावरायची असेल तर आधी प्रामाणिकपणे फेडणाऱ्याला पुढच्या हंगामाची खात्री द्यावी लागेल. वसुलीचा रस्ता तिथूनच सुरू होतो.