कोरड्या खड्यातलं पाणी

आज जुलाबात द्यायच्या मीठ-साखर-पाण्याबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे, कारण मधेच अंबड तालुक्यातल्या एका मोसंबी बागायतदारांचा फोन आला आणि त्यांना उत्तर लगेच हवं होतं. पाऊस तोंडावर आलाय, खोडांना बोर्डोपेस्ट लावायची आहे, आणि पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेली मोरचुदाची पिशवी उघडली तर वरचे खडे पांढरट, पिठूळ झालेले. "आणला तेव्हा गर्द निळा होता. यात भेसळ आहे का? आणि वापरायचा झाला तर किलोला किलोच धरू का?"

मी म्हटलं, "काका, दुकानदाराशी भांडायच्या आधी थोडं थांबा. तुमच्या मोरचुदातलं पाणी उडालं असावं."

"पाणी? अहो, कोरडाठाक होता तो."

त्यांच्या या एका वाक्यासाठी आजचा अख्खा लेख.

मागच्या आठवड्यात आपण पावसाळ्यात पाझरणारं खडेमीठ पाहिलं. तिथे पाणी बाहेरून येतं, डोळ्यांना दिसतं, बोटांना लागतं. मोरचुदातलं पाणी मात्र आतल्या बांधणीतच असतं. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. त्याच्या स्फटिकात कॉपर सल्फेटच्या प्रत्येक एककामागे पाण्याचे पाच रेणू ठरलेल्या जागी बसलेले असतात. चार तांब्याच्या आयनाभोवती आणि पाचवा सल्फेटला धरून. हेच शाळेच्या पुस्तकातलं स्फटिकजल. शंभर ग्रॅम निळ्या मोरचुदात हे पाणी ३६ ग्रॅम भरतं. तरीही हात ओला होत नाही, कारण भिंतीतली वीट जशी घरंगळत नाही, तसा यातला एकही रेणू जागचा हलायला मोकळा नसतो.

आणि तो निळा रंग? तोही या पाण्याचीच देणगी. परीक्षानळीत मोरचूद तापवायचा प्रयोग अनेकांनी शाळेत केला असेल. खडे फिकट होत जातात, नळीच्या वरच्या थंड भागावर थेंब जमतात, शेवटी तळाशी पांढरी भुकटी उरते. नळी गार झाल्यावर त्यात पाण्याचे दोन थेंब टाकले की भुकटी परत निळी होते आणि नळी हाताला गरम लागते. पाणी परत जागेवर बसताना ही उष्णता बाहेर पडते. हा प्रयोग मी कितीदा दाखवला असेल, मोजदाद नाही. तो निळा रंग परत येताना बघून दर वेळी तितकाच आनंद होतो.

शेडमध्ये तर कुणी दिवा लावला नव्हता. पण आपला मे महिना काही कमी नाही. पारा चाळिशीपार, पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि दुपारची हवा इतकी कोरडी की दोरीवरचं धोतर अर्ध्या तासात कडक वाळतं. अशी हवा खड्यातलंही पाणी ओढू लागते. पाचांपैकी दोन रेणू आधी सुटतात. पाचवा सगळ्यांत चिवट. त्याला घालवायला सुमारे २०० अंशांची उष्णता लागते. म्हणून नुसत्या उन्हाळ्यानं मोरचूद पुरता पांढराफेक होत नाही. वरून पिठूळ होतो, आत निळा राहतो.

आता काकांच्या दुसऱ्या प्रश्नाचं गणित. सगळंच पाणी गेलं असतं तर एक किलो मोरचुदाचे ६४० ग्रॅम उरले असते, पण तांबं मात्र तेवढंच राहिलं असतं. म्हणजे पांढरट पडलेला मोरचूद किलोला किलो तोलला तर तांबं कमी न भरता थोडं जास्तच भरेल. दोनच रेणू गेले असतील तर ही वाढ फार तर १७ टक्के. पेस्टचं नेहमीचं माप एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी. तांबं वाढल्यावर चुना पुरला की नाही, हे खिळा सांगतो. तयार मिश्रणात घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा थोडा वेळ बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, लोखंड त्याला ओढून घेतंय. चुन्याची निवळी आणखी घाला. खिळा जसाच्या तसा निघाला की मिश्रण लावायला तयार. लोखंडी बादलीत मोरचूद का भिजवू नये, याचंही कारण हेच.

भेसळीची शंकाही फेडता येते. फक्त पांढरी भुकटी चिमूटभर घेऊन तिच्यावर पाण्याचा थेंब टाकावा. मोरचूदच असेल तर निळाई परत येते. पांढरं मीठ किंवा चुना असेल तर येत नाही. मात्र मोरचूद विषारी आहे. घरातली बशी, चमचा, तवा यासाठी कधीही वापरू नका. हातमोजे घाला आणि पिशवी पोरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा.

बोर्डोचा विषय निघालाच आहे तर त्याच्या जन्माची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. फ्रान्समधल्या बोर्डो शहराजवळच्या मेडॉक भागात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर बागायतदार मोरचूद आणि चुन्याचं निळसर पाणी शिंपडायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घड तोडू नयेत म्हणून. १८८२ साली मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की केवडा रोगानं बाकीची बाग झडली, पण या वेलींची पानं टिकली. १८८५ मध्ये त्यानं हे मिश्रण जगापुढे मांडलं. चोराला घालायचा धाक बुरशीला लागू पडला, आणि आज आपल्या मोसंबीच्या खोडांवर डिंक्या रोगाविरुद्ध तोच निळा पट्टा उभा आहे.

मोरचूद घरात आणायचा नाही, पण पाणी पोटात धरून बसलेला दुसरा खडा जवळपास प्रत्येक घरात असतो. तो म्हणजे तुरटी. तिच्यात पाण्याचे बारा रेणू, वजनाच्या ४५ टक्क्यांहून थोडे जास्त. परवा आमच्या गल्लीतल्या सराफांच्या काट्यावर दहा ग्रॅम तुरटी तोलून घेतली आणि घरी लोखंडी तव्यावर मंद आचेवर ठेवली. आधी खडा तडतडला. मग कडा ओल्या दिसू लागल्या आणि बघता बघता तो स्वतःच्याच पाण्यात विरघळून काचेसारखा पातळ झाला. त्याला बुडबुडे आले, फेस फुगला, तवाभर पसरला आणि शेवटी पांढरीशुभ्र, हलकी, बोटानं चुरडेल अशी जाळी राहिली. आपल्या आज्या दंतमंजनात घालायच्या ती तुरटीची लाही हीच. ज्वारीची लाही फुटते तीही आतल्या पाण्याची वाफ होऊनच, तेव्हा नाव किती नेमकं ठेवलंय पाहा. लाही परत काट्यावर ठेवली, तर जेमतेम साडेपाच ग्रॅम भरली.

दाढीनंतर न्हावी तुरटी फिरवतो तेव्हा तिच्यातले ॲल्युमिनियमचे आयन बारीक कापल्या जागी रक्तातली प्रथिनं गोठवतात. गढूळ पाण्यात तेच आयन कापसासारखा साका तयार करतात आणि माती धरून तळाशी बसतात. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरच्या पाण्याच्या ड्रममध्ये जालन्यात किती हातांनी तुरटी फिरवली असेल! पण एक लक्षात असू द्या. पाणी नितळ झालं म्हणजे निर्जंतुक झालं असं नाही. ते उकळायला किंवा त्यात क्लोरीनचं औषध टाकायला हवंच.

बियाण्यांच्या धंद्यातल्या मंडळींना दाण्या-खड्यांतल्या पाण्याचा हा विषय नवा वाटणार नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी सुरू केली तेव्हापासून जालना बियाण्यांचं गाव, आणि बियाण्याचा मोठा वैरी ओलावा. प्रयोगशाळेत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दाण्यांना कोबाल्ट क्लोराइड लावलेलं असतं. तिथे रंगाचा खेळ मोरचुदाच्या उलट. कोरडे दाणे निळे, पाणी घेतलं की गुलाबी. भट्टीत तापवले की पुन्हा निळे.

आता टाचांकडे वळतो, कारण भेगांवर उपाय विचारणारी पत्रं सतत येतात. बादलीत टाकायचं एप्सम सॉल्ट हल्ली बरेच जण आणतात. ते मॅग्नेशियम सल्फेट. त्यात पाण्याचे सात रेणू. म्हणजे किलोच्या पाकिटात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. ही फसवणूक नाही, तो स्फटिक मुळात तसाच असतो. पाय शेकून बरं वाटतं ते मुख्यतः कोमट पाण्यामुळे. त्यातलं मॅग्नेशियम कातडीतून शरीरात शिरतं, याला भक्कम पुरावा नाही.

कातडीजवळ मात्र पाणी धरणाऱ्या पदार्थांचा स्वतःचा साठा आहे. तिच्या सगळ्यांत वरच्या, मृत पेशींच्या थरात लॅक्टेटसारखे क्षार, युरिया आणि अमिनो आम्लं असतात, आणि ती पाणी धरून ठेवतात. हवा कोरडी पडली की हे पाणी उडतं, थर कडक होतो आणि चालताना दाब पडून फाटतो. हा साठा पाण्यात विरघळणारा असल्यामुळे कढत पाणी आणि भरपूर साबण यांनी तो धुऊन जातो. म्हणून भेगांसाठी तासभर पाय गरम पाण्यात ठेवणारे लोक पाहिले की जीव कळवळतो. दहा मिनिटं कोमट पाणी पुरे. पाय टिपून घ्या आणि कातडी किंचित ओलसर असतानाच व्हॅसलीन किंवा खोबरेल चोळा, म्हणजे आत गेलेलं पाणी आत राहील. औषधाच्या दुकानात युरियाचं मलम मिळतं, तेही चांगलं. पण शेतातल्या गोणीतला युरिया पायाला लावायचा नाही. मधुमेह असलेल्यांनी गरम पाण्याचा शेकही स्वतःच्या मनानं घेऊ नये, भेग आधी डॉक्टरांना दाखवावी.

काल संध्याकाळी काकांचा परत फोन आला. बाटलीच्या झाकणात पांढरी भुकटी घेऊन त्यांनी थेंब टाकला, नातवाला शेजारी उभं करून. निळी झाली. पेस्ट कालवली, तर पहिल्यांदा खिळा तांबूस निघाला. थोडी निवळी घातल्यावर स्वच्छ निघाला. उरलेला मोरचूद त्यांनी आता झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात घट्ट बंद करून ठेवलाय.

मीठ-साखर-पाणी पुढच्या आठवड्यात नक्की. तेव्हा घरातला चहाचा चमचा हाताशी ठेवा. लिटरभर पाण्याला अर्धा चमचा मीठ आणि सहा चमचे साखर हे माप सपाट चमच्याचं आहे, शिगोशीग चमच्याचं नाही. लहान लेकरासाठी तेवढा फरकही मोठा असतो.