आधी निरोप, मग निकाल

महाराष्ट्रात शाळा संपते ती दहावीला, आणि ती दोन हप्त्यांत संपते. जानेवारी-फेब्रुवारीत निरोप समारंभ होतो. निकाल आणि गुणगौरव उन्हाळ्याच्या अखेरीस. पहिला सगळ्यांचा असतो, दुसरा निवडक मुलांचा. अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये शिक्षण पुरे झाल्याचे प्रमाणपत्र शाळाच देते, म्हणून तिथे यशाचा आनंद आणि ताटातूट एकाच व्यासपीठावर येतात. इथे शेवटची परीक्षा शाळेची नसते, त्यामुळे शाळेला आपल्या मुलांचा निरोप निकालाआधीच घ्यावा लागतो.

ही परीक्षा मुळात विद्यापीठाची. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्या पहिल्या तुकडीतले. विद्यापीठात कोणाला घ्यायचे हे ठरवणारी ती चाळणी होती. शाळा पुरी केल्याची खूण म्हणून तिच्याकडे नंतर पाहिले जाऊ लागले. कचेरीतल्या नोकरीला, लग्नाच्या बोलणीला मॅट्रिक लागे, आणि ‘नॉनमॅट्रिक’ हीसुद्धा सांगण्याजोगी पात्रता ठरली.

गुणवंतांच्या कौतुकाची रीतही याच काळातली. जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती हा मॅट्रिकमधला मोठा मान. १९१२ साली चिंतामणराव देशमुख मॅट्रिकला पहिले आले आणि ही शिष्यवृत्तीही त्यांनीच पटकावली. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, देशाचे अर्थमंत्री झाले. तरी त्यांचे चरित्र सांगताना मॅट्रिकचा निकाल आजही वगळला जात नाही.

स्वातंत्र्यानंतर परीक्षा विद्यापीठाकडून काढून स्वतंत्र मंडळाकडे देण्यात आली आणि १९४९ पासून मॅट्रिकची एसएससी झाली. १ जानेवारी १९६६ रोजी पुण्यात राज्य मंडळ अस्तित्वात आले. १०+२+३ या आकृतिबंधानुसार दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये झाली. तोवर शाळा अकरावीला संपत असे. एवढी स्थित्यंतरे झाली, पण प्रश्नपत्रिका बाहेरून येणार, उत्तरपत्रिका बाहेर जाणार आणि निकालही बाहेरूनच येणार, हे काही बदलले नाही.

निरोप समारंभ मात्र पूर्णपणे शाळेच्या हातात राहिला. त्यावर कोणाचे परिपत्रक नाही, तरी रत्नागिरीपासून गोंदियापर्यंत तो बराचसा सारखा होतो. यजमान नववीचा वर्ग. वर्गणी तेच काढतात, फळ्यावर रंगीत खडूने ‘शुभेच्छा समारंभ’ तेच लिहितात. मुली साड्या नेसून येतात, आणि कालपर्यंत दोन वेण्यांत पाहिलेल्या त्या मुली मुलांना एकदम मोठ्या वाटू लागतात. सरस्वतीपूजन, प्रमुख पाहुणे, मग मुलांची मनोगते. कागदावरून वाचायला उठलेली मुलगी तिसऱ्या वाक्याला रडू लागते आणि बाकीचे वर्गशिक्षकच पुरे करतात. वर्षभर छडीच्या धाकात ठेवणाऱ्या गणिताच्या सरांचाही आवाज त्या दिवशी जड होतो. मुख्याध्यापकांचे भाषण ठरलेले: दोन पेन ठेवा, केंद्रावर अर्धा तास आधी पोहोचा, कठीण प्रश्न मागे ठेवा. मग सामोसा-वेफर्स आणि सामूहिक छायाचित्र. हॉल तिकिटाचे वाटपही अनेकदा याच सुमारास होते.

शाळेला भेटवस्तूही द्यायची असते. भिंतीवरचे घड्याळ, पंखा, पुस्तकांचे कपाट आणि त्यावर त्या वर्षाच्या दहावीच्या विद्यार्थ्यांकडून सप्रेम भेट असा मजकूर; जुन्या शाळांत अशा घड्याळांवरून बॅचेसचा इतिहास लिहिता येईल. सह्यांच्या वह्यांची जागा स्लॅमबुकने घेतली, स्लॅमबुकची रील्सने. या समारंभाचे खरे मोल त्याच्या वेळेत आहे. कोण चमकणार आणि कोणाचे गणित राहणार हे अजून कोणालाच माहीत नसते, त्यामुळे सगळे एकाच सतरंजीवर बसतात. अनेकदा उत्तम भाषण मागच्या बाकावरचा मुलगा करतो.

निकालानंतर ही सतरंजी गुंडाळली जाते. पूर्वी उत्तीर्णांचे आसनक्रमांक वर्तमानपत्रात छापून येत आणि मुले पहाटेपासून पेपरवाल्याची वाट पाहत. त्याच पानांवर गुणवत्ता यादी झळके. यादीत नाव आले की ‘बोर्डात आला’ या दोन शब्दांत गावाला सगळे कळे. पेढा भरवतानाचे छायाचित्र, रोज किती तास अभ्यास केला हा प्रश्न आणि यशाचे श्रेय आईवडिलांना व गुरुजनांना हे उत्तर, असा त्या मुलाखतींचा साचा होता. एकेका गुणावरून चाललेली चढाओढ आणि क्लासवाल्यांच्या जाहिराती इतक्या वाढल्या, की या शतकाच्या पहिल्या दशकात मंडळाने यादीच बंद केली.

यादी गेली, सत्कार मात्र वाढले. शाळेबाहेरच्या संस्थांनी ही जागा केव्हाच व्यापली होती: पतसंस्था, ज्ञातिसंस्था, गणेशोत्सव मंडळ, निवडणूक जवळ आली असेल तर नगरसेवक. एकच मुलगी पाच ठिकाणी पुष्पगुच्छ घेते. पहिला कोण हे मंडळ सांगत नसल्याने आयोजकांनी टक्क्यांची रेघ आखली. २०१० पासून ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’मुळे पाच उत्तम विषयांवर टक्केवारी निघू लागली, त्यात खेळ आणि कलांच्या वाढीव गुणांचीही भर पडली. २०१८ मध्ये राज्यात १२५ जणांना शंभर टक्के मिळाले. २०१९ मध्ये भाषांचे अंतर्गत गुण काढून घेतल्यावर ही संख्या २० वर आली आणि एकूण निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर घसरला. गुण पुन्हा दिल्यावर २०२० मध्ये निकाल ९५.३० टक्के लागला. मुलांची हुशारी वर्षभरात एवढी खालीवर होत नाही. सत्काराच्या रांगेची लांबी बरीचशी नियम ठरवतात.

२०२० चा भूगोलाचा पेपर करोनामुळे रद्द झाला, पण तोवर त्या मुलांचे निरोप समारंभ झालेले होते. २०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण आणि दहावीचे अंतर्गत मूल्यमापन यांवरून शाळांनी गुण दिले, १६ जुलैला ९९.९५ टक्के निकाल लागला आणि ९५७ जणांना पैकीच्या पैकी मिळाले. मुलांना उत्तीर्ण करण्याचा अधिकार शाळेकडे आला तो नेमका त्या वर्षी, आणि अनेक ठिकाणी निरोप समारंभ झालाच नाही किंवा मोबाइलच्या पडद्यावर उरकला गेला.

अलीकडे शहरांतल्या काही इंग्रजी शाळा काळा झगा आणि चौकोनी टोपी घालून पदवीदानासारखा सोहळा करतात. गंमत अशी की ही टोपी आधी बालवाडीत पोहोचली. पाच वर्षांचे मूल ती मिरवते आणि दहावी झालेला मुलगा गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला कार्यालयाच्या खिडकीतून घेऊन जातो. ज्यांचे विषय राहिले, त्यांच्यासाठी २०१५ पासून निकालानंतर लवकरच पुरवणी परीक्षा होते. त्यात सुटलेल्या मुलाला हार घालायला सहसा कोणी येत नाही. शाळांनी गुणपत्रिका देण्याच्या दिवशी सगळ्या वर्गाला एकत्र बोलवावे, आणि पुरवणीत सुटलेल्यांसाठीही एक दिवस राखून ठेवावा. त्यासाठी मंडळाची परवानगी लागत नाही.