माल्टाचा कायदा आणि चिखलीची खोली

नागरिकशास्त्राचा तास संपत आला होता. दहावीच्या वर्गात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "सर, माल्टात गांजा चालतो. टॅक्सही नाही म्हणतात. मग आपल्याकडेच पोलीस का पकडतात?" सगळा वर्ग हसला. मी रागावणारच होतो, पण तो मुलगा स्वतः हसत नव्हता. "उद्या सांगतो," एवढेच म्हणालो.

घरी येऊन वाचायला बसलो. माल्टा हे भूमध्य समुद्रातले चिमुकले बेट. सगळ्या देशाची वस्ती आपल्या पिंपरी-चिंचवडपेक्षा कमी. एके काळी तिथे अरबांचे राज्य होते, म्हणून तिथले ख्रिस्ती लोकही देवाला 'अल्ला' म्हणतात आणि आपल्या उपवासाच्या दिवसांना 'रन्दान'. या देशाने डिसेंबर २०२१ मध्ये गांजाचा कायदा बदलला, हे खरे आहे.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर तीन शब्द लिहिले : गांजा, कर, कर्ज.

"माल्टात १८ वर्षांवरच्या माणसाला ७ ग्रॅमपर्यंत गांजा जवळ बाळगता येतो, घरात चार झाडे लावता येतात. पण रस्त्यावर ओढला तर दंड. लहान मुलांसमोर ओढला तर त्याहून मोठा दंड. दुकान मांडून विकता येत नाही. तुम्ही सगळे १८ च्या आतले आहात, तेव्हा तिथेही तुम्हाला मनाईच आहे. कर नाही हेही खोटे. तिथे उत्पन्नावरच्या कराचा वरचा दर ३५ टक्के आहे. आणि तिसरी गोष्ट तुमच्या मोबाईलने सांगितलीच नाही : खाजगी उसनवारीवर तिथे साधारणपणे वर्षाला ८ टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही. घेतले तर फौजदारी गुन्हा होतो."

मग आपल्याकडचे सांगितले. इंग्रजांच्या राज्यात गांजावर कर होता, विक्रीचे परवाने होते. १८९३ साली सरकारने त्यासाठी चौकशी आयोगही नेमला होता. आज १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा लागू आहे. एक किलोपेक्षा कमी गांजा कायद्याच्या भाषेत 'अल्प प्रमाण', तरी त्याला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. २० किलोपेक्षा जास्त सापडला तर किमान दहा वर्षे. नुसते ओढल्याबद्दलही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. दुसऱ्याची पुडी 'जरा ठेव रे' म्हणून दप्तरात ठेवणाराही सापडतो, हे मी मुद्दाम दोनदा सांगितले.

शाळा सुटल्यावर तो मुलगा थांबला. प्रश्न त्याचा नव्हताच, त्याच्या भाईजानचा होता. भाऊ २२ वर्षांचा, आयटीआय झालेला, चाकण एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला. रात्रपाळी करून सकाळी बसने चिखलीला खोलीवर यायचे आणि पत्र्याखाली दिवसा झोप लागायची नाही. कुणीतरी सांगितले, ओढ, झोप येईल. मध्येच काम सुटले, दोन महिने बसून काढावे लागले. तेव्हा त्याने मोबाईलवरच्या ॲपवरून कर्ज काढले. एकाचे फेडायला दुसऱ्याचे, असे चार ॲप झाले. आता नात्यातल्या सगळ्यांना फोन जात होते. शाळकरी बहिणीचा फोटो बिघडवून पाठवू, अशी धमकी होती. घरात अम्मीला अर्धे माहीत, अब्बांना काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी नावगाव न सांगता मी हा हिशेब वर्गात मांडला. ॲपवर दिसले १०,००० रुपये. 'फी' कापून खात्यात आले ६,५००. सातव्या दिवशी मागणी पुरे १०,०००. म्हणजे ६,५०० वर एका आठवड्यात ३,५०० रुपये, शेकडा ५४. आपल्या राज्यात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. परवाना असलेल्या सावकाराला शेतकरी नसलेल्याकडून तारणाशिवाय दिलेल्या कर्जावर वर्षाला जास्तीत जास्त १८ टक्के घेता येतात. त्या दराने याच रकमेचे सात दिवसांचे व्याज होते साडेबावीस रुपये. माल्टाच्या ८ टक्क्यांनी दहा रुपये. मुलांनी गणित दोनदा करून पाहिले. यावेळी कुणी हसले नाही.

हाच कायदा सांगतो की सावकाराला मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही आणि विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे, म्हणजे सहकार खात्याच्या कार्यालयात करायची. बँका आणि नोंदणीकृत वित्त कंपन्यांना ही व्याजमर्यादा लागू नाही. त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत : पैसे थेट कर्जदाराच्या खात्यात यावेत, सगळे शुल्क धरून वार्षिक दर आधी लेखी द्यावा, ॲपने फोनमधले नंबर आणि फोटो घेऊ नयेत, वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करू नये. कुरआनातली सर्वांत लांब आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलच आहे. आपण तिचे पठण करतो आणि 'आय ॲग्री'चे बटण मात्र न वाचता दाबतो.

एका रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. अब्बा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सर, चार लोकांत तोंड कसं दाखवू?" मी म्हणालो, "चार लोकांना फोन आधीच गेलेत. आता लपवायचं काय राहिलं?" हिशेब काढला तर हातात आले होते ३१,००० आणि भरून झाले होते ५८,०००. त्याच दिवशी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावला, धमक्यांचे स्क्रीनशॉट घेऊन पोलिसांत तक्रार दिली, आणखी एकही रुपया भरायचा नाही असे ठरले. फोन लगेच थांबले नाहीत. तीन आठवडे चालू राहिले, मग कमी झाले. खोलीचे थकलेले भाडे शेजारच्या दोघांनी कर्ज-ए-हसना म्हणून दिले, वहीत तारीख घालून.

गांजाचे काम जास्त अवघड होते. अब्बांना भीती, दवाखान्यात नाव लागले तर पोलीस येतील. खरे तर उलट आहे. स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा खटला चालवू नये, अशी तरतूद याच कायद्यात आहे. मात्र उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत जाऊ शकते. १४४४६ हा सरकारी व्यसनमुक्ती क्रमांक मोफत आहे. पुण्यात येरवड्याला १९८६ पासून मुक्तांगण आहे. हा मुलगा दोनदा जाऊन मध्येच थांबला. आता तिसऱ्यांदा जातो आहे, आणि यावेळी अब्बा सोबत असतात.

कराची गोष्ट राहिली. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत आयकर लागत नाही. पगारपत्रकावर बहुतेक महिन्यांत २०० रुपये कापलेले दिसतात तो राज्याचा व्यवसाय कर. 'कमिशन द्या, रिफंड काढून देतो' म्हणत खोट्या वजावटी दाखवणारे एजंट कारखान्यांच्या गेटवर फिरतात. त्यांच्यापासून सांभाळा, कारण नोटीस एजंटाला येत नाही, तुम्हाला येते.

मुलगा परवा पुन्हा थांबला होता. म्हणाला, "सर, भाईजान आता घरातच जेवतो, आमच्याबरोबर." दुसरे काही विचारले नाही. आपल्या घरात कुणी ताटावरून लवकर उठत असेल, फोन आला की बाहेर जात असेल, तर रागावण्याआधी शेजारी बसून विचारा : बाळा, किती देणं आहे?