पाठीवर पोते, ताटात काय?

मुंबईच्या ताटात पडणारी भाजी कुठून येते, हे मुंबईकराला सहसा ठाऊक नसते. कोपरखैरण्याच्या माणसाला ते पक्के ठाऊक आहे, कारण ती भाजी त्याच्याच पाठीवरून जाते. १९९६ मध्ये मुंबईचा घाऊक भाजीपाला आणि फळबाजार वाशी-तुर्भ्याला आला. बाजारापाठोपाठ माथाडी आले आणि सिडकोने त्यांच्यासाठी कोपरखैरणे, घणसोली या भागात छोटी छोटी घरे बांधली. कोपरखैरणे स्टेशनात गाडीत बसले की पुढचेच स्टेशन तुर्भे. नाशिकचा कांदा, जुन्नरचा टोमॅटो, साताऱ्याचा घेवडा रात्री ट्रकमधून उतरतो आणि सकाळी दादर, भायखळा, घाटकोपरला पोचतो. उतरवणारा माणूस मात्र घरी येतो तेव्हा ताटात बटाट्याचा रस्सा आणि भात असतो, आणि हातात भाजीची पिशवी असलीच तर ती लिलाव उरकल्यावर उरलेल्या मालाची.

ही केवळ माथाड्यांची गोष्ट नाही. माथाडी बहुतांशी सातारा-सांगली-पुण्याकडचे, आणि त्यांच्या पाठीशी निदान १९६९ चा माथाडी कायदा तरी आहे. त्यांच्या शेजारी, गावठाणातल्या चाळींत नि दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोल्यांत मराठवाडा, विदर्भ, सोलापूरकडून आलेली आमची माणसे राहतात. कुणी महापालिकेच्या सफाईत ठेक्यावर, कुणी एमआयडीसीतल्या कंपनीत हेल्पर, कुणी नाक्यावर बिगारी. बाया वाशी-सानपाड्याच्या इमारतींत धुणीभांडी करतात. यांच्या मागे कोणताच कायदा धड उभा नाही.

अलीकडे वर्तमानपत्रांतून आहारतज्ज्ञांचे सल्ले फार येतात. पांढरा भात सोडा, तांबडा घ्या. रोज मूठभर बदाम खा. एवोकॅडो म्हणून एक फळ असते, तेही खावे म्हणतात. हे सल्ले लिहिणाऱ्यांबद्दल आमची तक्रार नाही. पण महिन्याच्या वीस तारखेनंतर उधारीवर चालणाऱ्या घराकडे पाहून ते लिहिलेले नसतात, एवढे नक्की. म्हणून आपणच आपला हिशेब मांडू.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. २००० कॅलरींच्या दिवसासाठी त्यात सांगितले आहे : धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, डाळी-कडधान्ये (किंवा त्याऐवजी काही भाग अंडी-मांस-मासे) ८५ ग्रॅम, दूध-दही ३०० मिली, शेंगदाण्यासारख्या तेलबिया ३५ ग्रॅम, तेल २७ ग्रॅम. ओझी उचलणाऱ्याला याहून जास्त लागते, लहान लेकराला कमी. सरासरीने चार माणसांचे घर धरा. भाव दर आठवड्याला हलतात, म्हणून ढोबळच धरू. भाजी दिवसाला १ किलो ६०० ग्रॅम, महिन्याला ४८ किलो. ५० रुपये किलोने २,४०० रुपये. दूध ३६ लिटर, साठ रुपयांनी २,१६०. डाळ दहा किलो, १,२०० रुपये. केळी-पेरू-पपई यांसारखी साधी फळे १२ किलो, ७२० रुपये. शेंगदाणे सव्वाचार किलोच्या आसपास, ५९० रुपये. तेल सव्वातीन किलो, ४९० रुपये. धान्य ३० किलो. त्यातले २० किलो रेशनवर फुकट मिळाले असे मानले तर उरलेल्या दहा किलोचे ४५० रुपये. बेरीज आठ हजार दहा. यात मीठ-मिरची नाही, साखर-चहापत्ती नाही, गॅस नाही, रविवारचे मटण तर नाहीच. रेशन नसेल तर आणखी नऊशे चढवा.

आता हातात पंधरा हजार येतात आणि सहा हजार खोलीला जातात असे धरा. उरले नऊ हजार. त्यातून लाइटबिल, गॅस, रेल्वेचा पास, पोरांची वह्या-पुस्तके, गावी म्हाताऱ्याला धाडायचे पैसे, आणि कुणी आजारी पडले तर डॉक्टर. सरकारच्याच संस्थेने सांगितलेले ताट सरकारच्याच राज्यात राबणाऱ्या माणसाला मांडता येत नाही. हा आळशीपणाचा प्रश्न नाही आणि अडाणीपणाचा तर नाहीच नाही.

वरच्या हिशेबातला एक आकडा पुन्हा पाहा. एका कुटुंबाची महिन्याची भाजी ४८ किलो. गोणी पन्नास किलोंपेक्षा जड नको, हा माथाडींचा जुना आग्रह. म्हणजे घराला महिनाभर लागणारी भाजी बरोबर एक पोते. असे पोते तो माणूस दिवसातून किती वेळा पाठीवर घेतो, ते मोजायला कुणी बसत नाही.

पैसा कमी पडला की ताटातून काय आधी जाते, याचाही एक क्रम ठरलेला आहे. आधी फळ जाते, मग दूध चहापुरते उरते. मग डाळ पातळ होते, भाजीच्या जागी बटाटा येतो. पोट मात्र भरलेच पाहिजे, म्हणून भात आणि चपाती वाढते. सकाळी चहा-खारी, दुपारी वडापाव, पोराच्या हातात पाच रुपयांचे कुरकुरीत पुडके. पोट भरते, अंग भरत नाही. आणि घरातली बाई शेवटी बसते, तेव्हा पातेल्यात जे असेल ते तिचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांत हे प्रमाण ६८.९ टक्के. पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी. देशातल्या श्रीमंत राज्यांत गणल्या जाणाऱ्या राज्याचे हे आकडे आहेत.

भुकेचा अर्थ केवळ कॅलरी असा लावणाऱ्यांनी पुण्याचे संशोधन वाचावे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. बाळाचे जन्मावेळचे आकारमान आईने किती कॅलरी खाल्ल्या यावर फारसे ठरत नव्हते. दूध, फळे आणि हिरव्या पालेभाज्या किती वेळा तिच्या पोटात गेल्या, याच्याशी त्याचा संबंध दिसला. वजनाला हलकी पण चरबी राखून जन्मलेली ही मुले पुढे मधुमेहाकडे झुकतात, हेही याच अभ्यासांनी पुढे आणले. मधुमेह हा शेठजींचा रोग आहे असे अजून समजणारे आमच्या वस्त्यांत आहेत. त्यांनी सरकारी दवाखान्याच्या रांगेत एक सकाळ उभे राहावे.

दुसरा अभ्यास मुंबईच्या झोपडपट्ट्यांतला. २००६ नंतरच्या काही वर्षांत तिथल्या हजारो बायांना गरोदरपणाच्या आधीपासून रोज एक खाऊ दिला गेला. एका गटाला पालेभाजी, फळे आणि दूध घालून केलेला, दुसऱ्या गटाला बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. पहिल्या गटात गरोदरपणातला मधुमेह ७.३ टक्के, दुसऱ्यात १२.४ टक्के. रोजचा एक खाऊ, एवढाच फरक. आमच्या बायांना व्याख्याने देण्यापेक्षा हा खाऊ दिला असता तर बरे झाले असते.

सरकार काय देते? २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य, अंत्योदयला घरटी ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. ही मोठी गोष्ट आहे, कोरोनाच्या काळात या धान्याने किती घरे तगवली ते आम्ही विसरलेलो नाही. पण ते गहू आणि तांदूळ आहे. डाळ नाही, तेल नाही. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर, तेल देणारा ‘आनंदाचा शिधा’ आला. पण आनंद सणावारीच का, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

बरे, हे धान्य मिळते कुणाला? महाराष्ट्रात कायदा लागू करताना शहरी कुटुंबाची उत्पन्नमर्यादा वर्षाला ५९ हजार रुपये ठरवली गेली. बाराने भागा. महिन्याला पाच हजारांहूनही कमी. नवी मुंबईत पाच हजारांत जगणारे कुटुंब कुणी दाखवावे. म्हणजे कायद्याच्या नजरेने ठेक्यावरचा सफाई कामगार खाऊनपिऊन सुखी. शिवाय लाभार्थ्यांचा राज्याचा कोटा सात कोटींच्या आसपास बांधलेला, तोही २०११ च्या जनगणनेवर. त्यानंतर शहरात जन्मलेली आणि शहरात आलेली माणसे जणू जेवतच नाहीत.

राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात लोकांचे पोषणमान आणि राहणीमान उंचावणे व सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक मानले आहे. आमच्या राज्यकर्त्यांना हे कलम आठवते ते दारूबंदीच्या भाषणात. त्याच कलमाची सुरुवात पोषणाने होते, हे त्यांना कुणी तरी वाचून दाखवले पाहिजे.

उलट जे स्वस्तात मिळत होते तेही काढून घेतले जाते. २०१५ मध्ये राज्याने गोवंश हत्याबंदीचा कायदा बैल आणि वळूंपर्यंत वाढवला. त्यामागच्या धर्मकारणाबद्दल या पानावर पुष्कळ लिहून झाले आहे. आज फक्त आहाराच्या अंगाने बोलायचे, तर गरिबाला परवडणारे मांस त्या दिवशी बाजारातून गेले. शाळेतल्या अंड्याचेही तेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे सुरू झाले आणि २०२५ च्या सुरुवातीला सरकारने त्याचा पैसा बंद केला. द्यायचे तर लोकवर्गणीतून द्या म्हणाले. आठवड्याला एक अंडे! सहा ग्रॅम प्रथिने असलेली, सात-आठ रुपयांची ती वस्तू या राज्याच्या तिजोरीला जड झाली.

शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात महार-मांगांच्या खाण्याची नोंद केली. ते वाचताना ध्यानात येते की आमच्या आज्या-पणज्यांनी सक्तीच्या गरिबीतही काहीच वाया जाऊ दिले नाही. त्या लाचारीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु तांदुळजा, चवळीचा पाला, अंबाडी, शेवग्याचा पाला, वजडी, सुकट या गोष्टी घाणेरड्या ठरवून आम्ही सोडल्या आणि त्या जागी मैद्याचा पाव आणला, हा सौदा काही बरा झाला नाही. पूर्वी ज्वारीची भाकरी गरिबाची आणि गव्हाची पोळी पाहुण्याची. आज ज्वारी गव्हाहून महाग आहे, आणि वाशीच्या मॉलमध्ये ती ‘मिलेट’ नावाने पुडक्यात मिळते.

मग पंधरा हजारांत काय करायचे? ताट पूर्ण भरता येणार नाही, पण सावरता येते. सोयावडीच्या वजनात जवळपास निम्मी प्रथिने असतात, शेंगदाण्यात पाव हिस्सा. सुकट-जवळ्यात निम्म्याहून जास्त. कोपरखैरणे हे मूळचे आगरी-कोळ्यांचे खाडीकाठचे गाव, इथे ते सहज मिळते. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी मीठ जावे म्हणून दोन पाण्यांतून धुऊन घ्यावे. चिकनवाल्याकडची कलेजी मांसापेक्षा स्वस्त आणि रक्ताला चांगली. पालेभाजीवर लिंबू पिळले तर तिच्यातले लोह अंगी लागते, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर ते वाया जाते. याला दमडी खर्च नाही. मोड आलेली मटकी, हरभरा उत्तमच, पण चार वाजता उठून पाच घरची भांडी घासणाऱ्या बाईला भिजवण-बांधण सांगताना घरातल्या पुरुषाने ते स्वतः करायला काय हरकत आहे, हेही विचारावे.

‘बाबासाहेब लंडनला अर्धपोटी राहून शिकले’ हे आम्ही जयंतीला अभिमानाने सांगतो. त्या उपासमारीची किंमत त्यांच्या देहाने मोजली असावी असे मानायला जागा आहे. पुढे मधुमेहाने त्यांना जर्जर केले आणि पासष्टाव्या वर्षी ते गेले. आमच्या पोरांनी अर्धपोटी शिकावे असा या उदाहरणाचा अर्थ कुणी काढू नये.

कंपन्यांकडेही बोट दाखवले पाहिजे. १९४८ च्या कारखाने कायद्यात २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्याला उपाहारगृह लागत असे. माणसे वेगवेगळ्या ठेकेदारांच्या नावावर वाटून टाकली की ही संख्या भरतच नाही. २०२० च्या संहितेने, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, ही संख्या शंभरावर आणली आणि ठेक्यावरचे कामगारही त्यात मोजायला सांगितले. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या किती गेटांच्या आत हे झाले, हे आमच्या कामगार कार्यकर्त्यांनी आत जाऊन पाहावे आणि लेखी विचारावे.

आणि बाजार तर शेजारीच आहे. तुर्भ्यात घाऊकमध्ये सुटणारी भाजी सेक्टरच्या नाक्यावर येईपर्यंत बरेचदा दुप्पट होते. गरीब माणूस पावशेर-पावशेर घेतो म्हणून त्याला सर्वांत महाग पडते. विहारात दर रविवारी वंदनेला वीस घरे जमतात. वीस घरांनी शनिवारी दीडदीडशे रुपये काढले तर तीन हजार होतात. रविवारी पहाटे दोघांनी टेम्पो घेऊन बाजारात जायचे, कांद्याची एक गोणी, टोमॅटोचे क्रेट, पालेभाजीच्या जुड्या आणायच्या आणि वंदनेनंतर विहाराच्या ओट्यावर वाटे घालायचे. महिन्यातून एकदा धान्य बाजारातून तूरडाळीचा कट्टा. हिशेबाची वही बायांच्या बचत गटाकडे असावी. माल चढवायला माणूस शोधावा लागणार नाही, तो वंदनेच्या रांगेतच बसलेला असतो.