पिनकोडचा जनक आणि ७२ लाख अंकी स्वयंभू

आजरा म्हटले की घनसाळ तांदळाचा सुवास आठवतो. टपाल खात्याच्या लेखी मात्र आजरा म्हणजे ४१६५०५. या संख्येला एक ‘जनक’ आहे. ४१६४८१ घ्या. तिच्या अंकांची बेरीज २४. ती त्याच संख्येत मिळवा, आजऱ्याचा पिनकोड तयार!

ज्या संख्येला असा जनकच नसतो, ती स्वयंभू संख्या. ही कल्पना दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांची. १९०५ मध्ये डहाणूला जन्मलेले कापरेकर १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळाशिक्षक होते. या संख्यांना त्यांनी गावाचेच नाव दिले, ‘देवळाली संख्या’.

१ आणि स्वतः यांखेरीज दुसरा विभाजक नसलेली संख्या म्हणजे मूळ संख्या. ४१ मूळ आहे, पण स्वयंभू नाही. ३४ आणि ७ मिळून ४१ होतात. ९७ मात्र मूळही आहे आणि स्वयंभूही.

आता एक अजस्र उदाहरण. २ चा २,४०,३६,५८३ वा घात घेऊन त्यातून १ वजा करा. येणाऱ्या संख्येत ७२,३५,७३३ अंक आहेत. ती मूळ असल्याचे मे २००४ मध्ये जॉश फिंडली यांच्या संगणकावर आढळले. ऑक्टोबर २००६ मध्ये ल्यूक पेबडी यांनी ती स्वयंभूही असल्याचे दाखवले.

एवढ्या मोठ्या संख्येला जनक नाही, हे ठरवायचे कसे? डॉक्टर निदान करतात तसेच, एकेक शक्यता बाद करत. प्रत्येक अंक ९ धरला तरी अंकांची बेरीज ६ कोटी ५१ लाख २१ हजार ५९७ पेक्षा जास्त होत नाही. म्हणजे जनक असलाच तर तो तेवढ्याच अंतरात हवा. ९ ने भागून उरणाऱ्या बाकीची कसोटी लावली की दर नऊ शक्यतांपैकी आठ गळतात. उरलेल्या सुमारे ७२ लाख शक्यता तपासणे संगणकाला जड नाही.

कापरेकरांच्या कामाकडे सुरुवातीला अनेक गणितज्ञांनी गांभीर्याने पाहिले नाही. त्यामागे कारणही होते. संख्या कोणत्याही पद्धतीने लिहिली तरी तिचे मूळपण बदलत नाही. स्वयंभूपण मात्र आपण दशमान पद्धतीत लिहितो यावर अवलंबून असते. म्हणून हा आकड्यांचा खेळ ठरला. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिले, तेव्हा देवळालीच्या या मास्तरांचे नाव जगभर पोहोचले. तोवर त्यांनी सत्तरी गाठली होती.

या खेळाला ना प्रयोगशाळा लागते ना खर्च. आपल्या पिनकोडचा जनक घरातल्या मुलांना शोधू द्या. सहा अंकांची बेरीज ५४ पेक्षा जास्त होत नाही, त्यामुळे त्याहून मागे जायची गरज नाही. आणि तेवढ्यात जनक सापडलाच नाही, तर तुमचे गाव स्वयंभू!