रुग्णशय्येवरील निद्रा

म्हैसूर शहराच्या मध्यवस्तीत कृष्णराजेंद्र रुग्णालय आहे. १९२४ साली बंगळूर येथे सुरू झालेले व १९३० साली म्हैसुरास हलविलेले वैद्यकीय महाविद्यालय त्यास संलग्न आहे. अशा रुग्णालयांभोवतीचा किमान १०० मीटरचा टापू ‘शांतता क्षेत्र’ म्हणून जाहीर करण्याची तरतूद भारत सरकारच्या २००० सालच्या नियमांत असून, तेथे रात्रीच्या आवाजाची मर्यादा ४० डेसिबेल ठरविलेली आहे. परंतु अत्यवस्थ रुग्णाची झोप मोडणारी कारणे पुष्कळदा रस्त्यावर नसून त्याच्या खाटेपाशीच असतात.

निरोगी मनुष्याची झोप सुमारे दीड तासाच्या आवर्तनांनी होते. प्रथम उथळ झोप, मग गाढ झोप आणि शेवटी स्वप्नांची झोप, असा तिचा सामान्य क्रम असतो. या शेवटच्या अवस्थेत मिटलेल्या पापण्यांआड डोळे जलद हालतात, ही गोष्ट शिकागो येथील ॲसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी १९५३ साली प्रसिद्ध केली.

अतिदक्षता विभागातील रुग्णांच्या मेंदूतील विद्युत्-लहरी तपासल्या असता निराळेच चित्र दिसते. झोपेचे एकूण तास फारसे कमी नसले, तरी तिचे तुकडे तुकडे झालेले असतात. तिचा बराचसा भाग दिवसा पडतो. गाढ व स्वप्नमय झोप तर फारच थोडी लाभते. यंत्रांच्या इशाऱ्याच्या घंटा, वारंवार होणारी तपासणी, वेदना आणि श्वसनयंत्राशी न जुळणारी श्वासाची लय ही त्याची कारणे होत. शिवाय रात्रभर जळणाऱ्या दिव्यांमुळे, अंधारात स्रवणारे मेलॅटोनिन हे संप्रेरक कमी होते.

औषधाने डोळे मिटले म्हणजे झोप लागली, असे मात्र नव्हे. गुंगी ही निद्रा नव्हे. गुंगीची काही औषधे गाढ झोप उलट कमीच करतात. असा रुग्ण कधी दिवसरात्र विसरतो, आप्तांना ओळखत नाही, असंबद्ध बडबडतो. पूर्वीचे लोक यास ‘वात झाला’ म्हणत. निद्राभंग व ही भ्रमावस्था पुष्कळदा जोडीने आढळतात; त्यांतील कारण कोणते व परिणाम कोणता, हे सांगणे सोपे नसते.

उपाय साधे आहेत. रात्री दिवे मंद करावेत, दिवसा उजेड आत येऊ द्यावा, कानांत बोळे व डोळ्यांवर पट्टी द्यावी, आणि ज्या तपासण्या एकत्र उरकता येतील त्या एकाच वेळी उरकाव्यात. खाटेपाशी हलक्या आवाजात बोलणे तर भेटीस आलेल्या नातलगांच्याही हाती आहे. झोप ही उपचारानंतरची विश्रांती नव्हे. ती उपचाराचाच एक भाग आहे.