राष्ट्र आधी, राज्य नंतर : जर्मनीची घडण

फ्रान्समध्ये राज्य जुनंच होतं. १७८९च्या क्रांतीनं त्या राज्याची प्रजा नागरिक झाली. जर्मनीत क्रम नेमका उलटा आहे. तिथे राष्ट्राची कल्पना आधी आली आणि राज्य मागाहून. या उलट्या क्रमामुळे 'जर्मन कोण?' हा प्रश्न किती अवघड होऊन बसला, ते आज आपण पाहणार आहोत.

१८०६ साली नेपोलियनच्या दबावाखाली पवित्र रोमन साम्राज्य संपलं. त्याच वर्षी प्रशियाचा पराभव झाला आणि फ्रेंच फौजा बर्लिनमध्ये शिरल्या. अशा बर्लिनमध्ये १८०७-०८च्या हिवाळ्यात फिश्टे या तत्त्वज्ञानं जर्मन राष्ट्राला उद्देशून व्याख्यानं दिली. आता जर्मनी नावाचं राज्यच नाही, तर हे राष्ट्र होतं कुठे? त्याचं उत्तर होतं : भाषेत.

१८४८मध्ये फ्रँकफुर्टला निवडून आलेली संसद भरली. तिला एकसंध जर्मनी हवी होती, आणि नागरिकांचे हक्कही हवे होते. तिनं प्रशियाच्या राजाला सम्राटपद देऊ केलं. त्यानं ते १८४९मध्ये नाकारलं. लोकप्रतिनिधींनी दिलेला मुकुट त्याला नको होता.

जे संसदेला जमलं नाही, ते बिस्मार्कनं डेन्मार्क, ऑस्ट्रिया आणि फ्रान्स यांच्याशी तीन युद्धं करून साधलं. १८ जानेवारी १८७१ला व्हर्सायच्या राजवाड्यात साम्राज्याची घोषणा झाली. पण सीमा भाषेप्रमाणे पडल्या का? नाही. ऑस्ट्रियातले जर्मनभाषक बाहेर राहिले; पोलिश आणि डॅनिश बोलणारे आत आले.

म्हणजे देशात राहणारा तो जर्मन, की जर्मन वंशाचा तो जर्मन? १९१३च्या नागरिकत्व कायद्यानं दुसरं उत्तर निवडलं. नागरिकत्व जन्मभूमीवरून नव्हे, आईबापांवरून ठरू लागलं. पुढे १९३५मध्ये नाझींनी 'रक्ता'च्या नावाखाली ज्यूंचं नागरिकत्वच काढून घेतलं. इथे एक सावधगिरी बाळगायला हवी : १९१३चा कायदा म्हणजे १९३५ची पूर्वतयारी नव्हती. पण नागरिकत्व वंशाला बांधलेलं असलं की दुष्ट राज्यकर्त्याच्या हाती तयार हत्यार पडतं, एवढं नक्की.

गंमत पाहा, १९१३चा कायदा युद्धानंतरही टिकला. १९६१च्या करारानं तुर्की कामगार पश्चिम जर्मनीत आले. त्यांची मुलं तिथेच जन्मली, तिथल्या शाळांत शिकली, जर्मन बोलू लागली, तरी जन्मानं परकीच राहिली. उलट सोव्हिएत संघातून आलेल्या जर्मन वंशाच्या माणसाला जर्मन धड येत नसलं तरी नागरिकत्व मिळे. म्हणजे फिश्टेची भाषा मागे पडली होती, वंश तेवढा उरला होता.

२००० साली कायदा बदलला. आई किंवा वडील ठरावीक वर्षं कायदेशीरपणे देशात राहत असतील, तर तिथे जन्मलेलं मूल आता जर्मन ठरतं. राज्य उभं राहिल्यावर जवळजवळ १३० वर्षांनी जन्मभूमीला कायद्यात जागा मिळाली. राष्ट्राची व्याख्या म्हणजे पुस्तकी वाद वाटतो खरा. पण शाळेतल्या कुठल्या मुलाला 'तू इथला' म्हणायचं, हे तिच्यावरच ठरत असतं.

पुढच्या व्याख्यानात आपण इटलीकडे वळू.